खालची अक्कलदाढ काढायची आहे, चतुर्थीपर्यंत गाता येईल का?

पेटीवाला_कुडाळ
नमस्कार मंडळी. उजवीकडची खालची अक्कलदाढ वर्षभर मधूनमधून त्रास देतेय. दाढेवरची हिरडी सुजते, गिळताना कानापर्यंत कळ जाते, चार दिवस गोळ्या खाल्ल्या की बसते आणि महिना दोन महिन्यांनी परत तेच. आता डॉक्टरांनी ओपीजी काढायला लावला, म्हणजे तो सगळ्या जबड्याचा एकत्र एक्सरे, आणि म्हणाले दाढ आडवी आहे, पुढच्या दाढेत घुसलीय, हिरडी कापून थोडं हाड घासायला लागेल, टाके येतील. किती दिवस जातील विचारलं तर म्हणाले आठवडा धरा. आणि शेजारचे काका सांगतात त्यांना महिनाभर धड जेवता येत नव्हतं. आता कोणाचं खरं मानायचं?

घाई अशासाठी की चतुर्थीला अजून तीन आठवडे आणि वर थोडे दिवस आहेत. आमचं भजनी मंडळ आहे, मी पेटीला बसतो आणि गातो पण. गणपतीत घरोघरी भजनं असतातच, त्यात यंदा एक डबलबारीची, म्हणजे दोन मंडळांच्या भजनी सामन्याची, सुपारी घेतलीय. वर घरच्या आरतीला शंख वाजवायचं काम माझ्याकडेच. आत्ता काढली तर तोवर तोंड पूर्ण उघडेल का, की गणपती जाऊदेत आणि मग काढू? ज्यांनी काढलीय त्यांनी खरं खरं सांगा, उगाच घाबरवू नका आणि उगाच धीर पण देऊ नका.

मिऱ्याची_मुलगी
माझी पण खालचीच आणि आडवीच होती, मे महिन्यात काढली. काढताना दुखत नाही हे लोक सांगतात ते खरं आहे, फक्त दाबल्यासारखं वाटतं आणि तो मशीनचा आवाज डोक्यात घुमतो तो नकोसा होतो. खरा त्रास बधिरपणा उतरला की. मला डॉक्टरांनी सांगितलेलं की ओठ जड आहे तोवरच पहिली गोळी घ्या, कळ सुरू व्हायची वाट बघू नका, ते मी केलं आणि पहिली रात्र बरी गेली. पण दुसऱ्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी गाल जास्त सुजलेला होता, हे कोणी आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो की काहीतरी बिघडलं. तिथून मात्र रोज थोडी थोडी उतरत गेली. गालावर खाली मानेकडे पिवळट हिरवा डाग आला होता तोही आपोआप गेला.

तोंड उघडण्याचं म्हणाल तर सुरुवातीला चमचा जेमतेम आत जायचा. ऑफिसला मी आठवड्याच्या आतच गेले पण फोनवर बोलताना जबडा भरून यायचा, आणि तुम्हाला तर गायचंय. माझं मत विचाराल तर लगेच काढा, थांबू नका. ती मध्येच सुजली आणि नेमकी चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुजली तर भजन सोडाच, मोदक पण नशिबात नाही.

दर्यावर्दी_वेंगुर्ला
अरे बुवा भिया नको. माझी वरची काढलेली, धा मिन्टात भायर इली आणि दुसऱ्या दिसाक कामार गेलंय. पण वरची येगळी आणि खालची येगळी, ह्या पण खरा. आणि माझी सरळ होती, तुझी आडवी आसा. तेवा माझ्या धा मिन्टांवर जाव नको. एकच सांगतंय, काढल्यावर दोन दिस गप रव, कोणाक फोनवर चाल म्हणान दाखवू नको. आणि तुझ्या कोरसवाल्यांका आधीच सांगून ठेव, विडो पुढे करू नको म्हणान.

कातळावरचा_दातवाला
मी डेंटिस्ट आहे, रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. एक्सरे न बघता तुमच्या दाढेबद्दल ठाम काही सांगणार नाही, पण तुमचे डॉक्टर आणि शेजारचे काका दोघेही खोटं बोलत नाहीयेत एवढं सांगतो. साधारण आठवड्याने टाके काढायला बोलावतात (विरघळणारे असले तर काढावे लागत नाहीत), तोवर सूज बरीचशी उतरलेली असते, माणूस कामावर रुजू झालेला असतो, त्या अर्थाने आठवडा. वरून हिरडी नीट जुळून यायला तीन-चार आठवडे, आणि आत हाडात जो खड्डा पडतो तो भरायला काही महिने. ते महिने तुम्हाला जाणवत पण नाहीत, फक्त सुरुवातीला जेवताना शितं जाऊन बसतात तेवढं.

सगळा खेळ पहिल्या दिवसाच्या रक्ताच्या गुठळीचा आहे. दाढ निघाल्यावर त्या खड्ड्यात रक्त गोठतं आणि तेच झाकण म्हणून काम करतं, खालचं हाड आणि नसा उघड्या राहत नाहीत. म्हणून कापूस म्हणजे गॉझ अर्धा पाऊण तास दाबून धरायला सांगतो, आणि पेशंट दर पाच मिनिटांनी काढून बघतात की रक्त थांबलं का! बघू नका. थुंकू नका, आलेली लाळ गिळा. पहिले चोवीस तास चूळ नाही, जोरात ओढून पिणं नाही, सिगरेट-विडी-तंबाखू-मशेरी काहीच नाही. मशेरी मुद्दाम लिहिली कारण आपल्याकडे बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत, "मी तंबाखू नाही खात हो, फक्त मशेरी लावते" हे मी आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकतो. लाळेत गुलाबी रंग दिसणं, उशीला डाग पडणं हे पहिल्या रात्री चालतं. जुना टॉवेल टाका, डोकं दोन उशांवर ठेवा. तोंड भरून लाल रक्त येत राहिलं तर मात्र नवीन गॉझ घट्ट चावून धरा आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, वरती ताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. पहिला दिवस दीड दिवस बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, पंधरा वीस मिनिटं ठेवायचा आणि तेवढाच वेळ काढायचा. (हर्णैच्या एका पेशंटने मच्छीच्या पेटीतला बर्फ थेट गालाला लावला होता, कातडी भाजल्यासारखी झाली, तेव्हा फडकं विसरू नका.) चोवीस तासांनंतर कोमट पाण्यात मीठ घालून तोंडात धरायचं आणि मान वाकवून आपोआप पडू द्यायचं, खळखळ करायचं नाही. जेवणानंतर प्रत्येक वेळी.

आता तुमचा मुख्य प्रश्न, तोंड उघडणं. इंजेक्शन आणि कापाकापीमुळे जबड्याचे स्नायू आखडतात, त्यामुळे सुरुवातीला तोंड कमी उघडतं. बहुतेकांचं आठवडा ते दोन आठवड्यांत सुटतं. घरच्या घरी बघायचं असेल तर आपलीच तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. एकच बोट जात असेल तर गाणं विसरा, तीन गेली की गा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून गरम फडक्याचा शेक घेऊन हळूहळू तोंड उघडायचा सराव करता येतो, पण टाक्यांवर ताण येईल इतका नाही, आणि तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. पेटी वाजवायला काही अडचण नाही, ती तिसऱ्या दिवशी पण वाजवा, फक्त सोबत तोंड उघडायचा मोह आवरा. पहिल्या आठवड्यात वरच्या पट्टीत जोर लावून गाणं नकोच, ओझी उचलणं नको, खाली डोकं घालून शेतातलं काम नको, कारण रक्तदाब चढला की जखम परत वाहू शकते. शंख निदान दोन आठवडे दुसऱ्याच्या हातात द्या. खालच्या दाढेला तोंडात दाब येतो एवढंच, पण वरची दाढ काढली असती तर मी अजून कडक सांगितलं असतं, कारण वरच्या दाढांची मुळं सायनसला लागून असतात, तिथे नाक जोरात शिंकरणं पण चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, तिसरा ते पाचवा दिवस. दुखणं उतरत आलेलं असतं आणि अचानक परत वाढतं, कानापर्यंत जातं, गोळीला दाद देत नाही, तोंडाला घाण वास येतो, आरशात बघितलं तर खड्डा रिकामा दिसतो. गुठळी निघून गेलीय, ह्याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. वरच्यापेक्षा खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं, विडी-तंबाखूवाल्यांना त्याहून जास्त. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही धोका थोडा जास्त असतो, त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. जिवावरचं काही नाही, खड्डा धुऊन आत औषधाची पट्टी भरतात आणि बऱ्याच जणांना त्याच दिवशी आराम पडतो. पण ते करायला दवाखाना उघडा पाहिजे! म्हणून तारीख ठरवताना दाढ काढायचा दिवस बघू नका, त्याच्या पुढचा तिसरा-पाचवा दिवस बघा. गणपतीच्या आधी चार दिवस काढलीत तर तो त्रास नेमका चतुर्थीला, आणि त्या दिवशी मी पण मोदक खात बसलेला असतो. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, आणि दाढ आत्ता शांत आहे, हे चांगलं आहे. सूज भरात असताना आम्ही शक्यतो आधी इन्फेक्शन खाली आणतो आणि मग हात लावतो. तेव्हा ह्याच आठवड्यात काढा.

ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढली, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जायला लागलं तर मात्र सकाळची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्री जायचं.

पेटीवाला_कुडाळ
बापरे डॉक्टर, एवढं तर आमच्या डॉक्टरांनी पण नाही सांगितलं. धन्यवाद. परवाची वेळ घेतली. आता खाण्याचं सांगा कोणीतरी. आईने पेज पेज चालवलंय, मी पेजेचा मोठा शौकीन नाही. शहाळं, सोलकढी चालेल ना? आणि मावशी म्हणते लवंगेचं तेल कापसावर घालून खड्ड्यात ठेव.

गुरगुट्या_भात
खाण्याचं मी सांगते, घरात नवरा आणि दोन्ही मुलगे, तिघांच्या दाढा निघाल्यात, त्यामुळे ह्या विषयात माझा अभ्यास झालाय. शहाळं उत्तम पण स्ट्रॉ नाही. शहाळंवाला आपणहून स्ट्रॉ घालूनच देतो, ती काढून ठेवा आणि पाणी पेल्यात ओतून घ्या. ओढून प्यायलं की तोंडात खेच बसते आणि डॉक्टर म्हणाले ती गुठळी निघून येते. सोलकढी पहिले तीन-चार दिवस नको, त्यात मिरची लसूण असते आणि आंबट झोंबतं. नंतर बिनमिरचीची करा, आमसुलं कमी आणि नारळाचं दूध जास्त.

पेज नको असेल तर नाचणीचं सत्त्व दुधातून, पातळ आटवल, मूगडाळीचं वरण आणि गुरगुट्या भात तूप घालून. कुळथाची पिठी चालते पण पातळ करा आणि फोडणीतली मिरची काढून टाका. सगळं कोमट, वाफ निघणारं काही नाही, कारण गाल बधिर असताना भाजलेलं कळत नाही. बधिरपणा पूर्ण गेल्याशिवाय तर खायचंच नाही, माझ्या धाकट्याने भुकेच्या भरात स्वतःचा गालच चावला, दाढेपेक्षा ती जखम जास्त दिवस राहिली. मग दोन-तीन दिवसांनी मऊ घावणा दुधात भिजवून, अंडं, केळं. मासा खायचा तर काटा पूर्ण काढून कुस्करलेला आणि आठवडाभराने, कोलंबी लगेच नको, ती चावायला लागते. काजू, चिवडा, कुरमुरे, तळलेले मासे हे शेवटी, टोकं खड्ड्यात जाऊन बसतात. दुसऱ्या बाजूने चावलं तरी चुरा सगळीकडे फिरतो.

तीन आठवड्यांनी मोदक खा खुशाल, उकड मऊच असते. सारणातलं खोबरं मात्र अडकतं, नंतर मिठाच्या पाण्याने चूळ भरा. गौरीच्या वड्यांना थोडा धीर धरा, वडे-सागोतीत वडा रश्श्यात बुडवून खाल्लात तर कोणी विचारणार नाही.

कातळावरचा_दातवाला
ताईंना माझ्या क्लिनिकमध्ये नोकरी द्यायला पाहिजे. लवंगेच्या तेलाबद्दल सांगतो. ड्राय सॉकेटच्या पट्टीत लवंगेतलाच युजेनॉल असतो, त्यामुळे मावशींचं अगदी चुकीचं नाही, पण तो मोजून, खड्डा धुतल्यावर भरतात. ताज्या जखमेत थेट तेल ओतलं तर भाजतं, आणि तुम्ही घातलेला कापूस आत राहिला तर तिथेच सडतो. हळद, तपकीर, फेणीत भिजवलेला बोळा, हे सगळं मी खड्ड्यातून काढलेलं आहे. काहीही घालू नका.

आणि अंग दुखतंय म्हणून घरातली अॅस्पिरिन घेऊ नका, रक्त वाहायला मदत होते. डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल (इन्फेक्शनची गोळी) दिलं असेल तर ते चालू असताना आणि संपल्यावरही दोन दिवस दारू बंद. तोंड कडू होतं ते त्याच गोळीने, दाढेने नाही.

लोअरपरळ_टू_लांजा
मध्येच घुसतो. मी मुंबईला असतो, माझ्या दोन्ही बाजूच्या खालच्या दाढा काढायला सांगितल्यात. माझा प्लॅन असा की गावाला निघायच्या आदल्या दिवशी इथे दोन्ही एकदम काढून घेतो, रेल्वेचं तिकीट आहेच, आणि गावाला दहा दिवस आराम करतो, ऑफिसची सुट्टी वाया जात नाही. चालेल का? आणि दुखत नसेल तर काढायची तरी का? माझ्या दुखत नाहीत, एक्सरेत आडव्या दिसल्या म्हणून सांगितलं.

मिऱ्याची_मुलगी
गणपतीत गावाला आराम?? दादा तुम्ही नक्की चाकरमानीच ना? पाहुणे, आरत्या, जागरण, आणि तुम्ही सुजलेला गाल घेऊन कोपऱ्यात. वर डॉक्टरांनी तिसऱ्या दिवसाचं लिहिलंय ते परत वाचा. तुमचा तिसरा दिवस लांज्यात जाणार आणि काढणारा डॉक्टर मुंबईत.

कातळावरचा_दातवाला
ताई बोलल्या तेच. शिवाय त्या गर्दीच्या गाडीत उभं राहून, धक्के खात, बर्फ नाही, चूळ भरायला जागा नाही. आणि दोन्ही बाजू एकदम काढल्या तर चावायचं कुठे? भूल देऊन चारही एकदम काढतात तिकडे ती गोष्ट वेगळी, इंजेक्शनवर काढायच्या असतील तर मी तरी एक बाजू बरी झाल्यावर दुसरी करतो. तुम्ही परत मुंबईला गेल्यावर, पुढचा आठवडा तिथेच असाल तेव्हा काढा.

दुखत नाही तर का, हा प्रश्न बरोबर आहे आणि तो डॉक्टरांना तोंडावर विचारायचा. आडवी आहे एवढंच कारण पुरेसं नाही. इंग्लंडमध्ये नाइस ह्या सरकारी संस्थेने २००० सालीच सांगितलं की काही रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा सरसकट काढू नयेत. पण पुढच्या दाढेला कीड लागत असेल, हिरडी परत परत सुजत असेल, एक्सरेत दाढेभोवती गाठ दिसत असेल तर काढावी. वरच्या कुडाळवाल्यांचं दुसऱ्या कारणात बसतं. तुमच्या एक्सरेत पुढच्या दाढेची मागची बाजू किडलीय का ते विचारा. विशी-पंचविशीत असाल तर काढणं आणि भरून येणं दोन्ही सोपं जातं हे खरं, वयाबरोबर हाड कडक होत जातं. फक्त त्या एका कारणासाठी घाई करायची का हे तुम्ही ठरवा.

आणि एक, दाढेची मुळं खालच्या जबड्यातल्या नसेच्या किती जवळ आहेत ते पण विचारून घ्या दोघांनीही. जवळ असतील तर काढल्यानंतर ओठ-हनुवटी काही दिवस बधिर राहू शकते, आणि दाढेच्या आतल्या बाजूने जिभेची वेगळी नस जाते, तिला धक्का लागला तर जीभही. बहुतेकांची काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत परत येते, क्वचित राहते. गाणाऱ्या माणसाला हे आधी माहीत असलेलं बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी पण ओठ जड वाटला तर लगेच कळवा, बसून राहू नका.

दर्यावर्दी_वेंगुर्ला
डॉक्टर, माझ्या बापाशीक रक्त पातळ करूच्यो गोळये चालू आसत, तेंची पण एक दाढ हलता. गोळये दोन दिस बंद केल्यान तर चलात?

कातळावरचा_दातवाला
स्वतःहून अजिबात नाही. बऱ्याचदा गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढता येते, आम्ही खड्ड्यात रक्त थांबवायचं औषध ठेवून टाका घालतो. बंद केल्याने हृदयाला किंवा डोक्याला गुठळीचा जो धोका होतो तो दाढेच्या रक्तापेक्षा मोठा आहे. गोळीचं पाकीट घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जा, ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलतील. वॉर्फरिन किंवा अॅसिट्रोम असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट पण न्या, आणि वेळ सकाळची घ्या, म्हणजे रक्त येत राहिलं तर दिवसाउजेडी परत येता येईल.